तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर

लोणार-मेहकर रस्त्यावर भरधाव मोटारसायकलचा गिअर उतरवताना एखाद्याला तिसरा हवा असतो, पडतो दुसरा. क्लच सुटताच इंजिन किंचाळतं.

नुसता ॲक्सिलरेटर पिळून इंजिन असं धावलं, तर बऱ्याच नव्या गाड्यांत रेव्ह लिमिटर ठिणगी किंवा इंधन तोडतो. इथे मात्र मागचं चाकच इंजिनला फिरवत असतं. लिमिटर काहीच करू शकत नाही, म्हणून ही चूक सगळ्यांत घातक.

स्प्लेंडरसारखी 97 सीसीची गाडी मिनिटाला 8000 फेऱ्यांच्या सुमारास कमाल ताकद देते. तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे 66 वेळा उघडून मिटतो. त्याच्या फार पुढे गेलं, की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवता येत नाही; वर आलेला पिस्टन त्यावर आदळू शकतो, व्हॉल्व्ह वाकतो. फेऱ्या 8000 वरून 10000 झाल्या, तर पिस्टनची कनेक्टिंग रॉडवरची ओढ दीडपटीहून जास्त होते. रॉड तुटला, तर क्रँककेसही फुटू शकते.

अशा वेळी क्लच ताबडतोब दाबावा. नंतर टकटक ऐकू आली किंवा किक हलकी लागली, तर गाडी सुरू करत बसू नये. ढकलत गॅरेजला न्यावी आणि नेमकं काय घडलं ते मिस्त्रीला सांगावं, म्हणजे तो आधी व्हॉल्व्ह तपासेल.