शरीराचा जमाखर्च

वजनाचा काटा हा अलीकडे घरोघरी न्यायाधीश होऊन बसला आहे. त्याने अधिक आकडा दाखविला की माणूस खिन्न होतो आणि उणा दाखविला की हर्षभरित होतो. काटा खोटे बोलत नाही हे खरे. पण तो सांगतो ती केवळ बेरीज. त्या बेरजेत हाड किती, पाणी किती, स्नायू किती आणि चरबी किती, याविषयी तो मौन पाळतो. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते नेमके त्या मौनातच दडलेले असते.

याचा एक बोलका दाखला २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मधुमेहाचे अभ्यासक. उंचीच्या मानाने वजन किती, हे दर्शविणारा देहभारांक दोघांचाही सारखाच, म्हणजे २२.३ इतका होता. काट्याच्या आणि पट्टीच्या न्यायालयात दोघेही निर्दोष ठरले असते. परंतु शरीरातील चरबीचे मोजमाप केले तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के आढळली. दिसण्यात कृश, पण आतून मेदस्वी, असा हा भारतीय देहाचा विशेष होय. पुण्याच्या परिसरातील नवजात बालकांच्या अभ्यासातही हेच दिसून आले. इंग्लंडमधील बालकांहून ती वजनाने बरीच कमी भरतात, पण ती उणीव मुख्यतः स्नायूंची असते. चरबी त्या मानाने राखलेली असते.

ही गोष्ट केवळ कुतूहलाची नाही. जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा स्नायूच उचलून घेतात आणि साठवतात. कोठारच लहान असेल, तर आलेले धान्य रस्त्यावर पडून राहावे, तशी ती साखर रक्तात रेंगाळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज करण्यात आला. पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्यांचे प्रमाण तर सुमारे ३९.५ टक्के भरले. तेव्हा भारतीय माणसापुढचा प्रश्न ‘वजन किती घटवावे’ एवढाच राहत नाही. चरबी घटवावी आणि त्याच वेळी स्नायू वाढवावेत, असा तो दुहेरी प्रश्न आहे.

वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. चरबी घटवायची म्हणजे खर्च जमेहून अधिक ठेवायचा. स्नायू वाढवायचे म्हणजे काहीतरी नवे उभारायचे. तिजोरी रिकामी करीत असतानाच नवे घर बांधावे, तसा हा उद्योग दिसतो. परंतु शरीराच्या दप्तरात एकच खातेवही नसते. उष्मांकांचे खाते निराळे आणि प्रथिनांचे खाते निराळे. चरबी हा साठविलेल्या शक्तीचा संचय आहे. एक किलो चरबीत अदमासे ७,७०० उष्मांक असतात. हा संचय मजुरांची मजुरी भागवू शकतो, पण तो विटा पुरवू शकत नाही. स्नायूंच्या विटा प्रथिनांच्या असतात, आणि चरबीपासून प्रथिने होत नाहीत. म्हणूनच ‘व्यायामाने चरबीचे स्नायू बनतात’ ही समजूत जितकी प्रचलित, तितकीच निराधार आहे. घडते ते असे: आहारातून विटा मिळाल्या, व्यायामाने बांधकामाचा हुकूम सुटला आणि मजुरी जुन्या संचयातून दिली गेली, तर घर वाढते आणि तिजोरीही हलकी होते.

हे प्रयोगानेही दिसून आले आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात अंगाने स्थूल असलेल्या तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी उष्मांकांचा आहार देऊन, आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करविण्यात आला. एका गटास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅम, तर दुसऱ्यास २.४ ग्रॅम प्रथिने देण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटाची चरबी ३.५ किलोंनी घटली आणि स्नायू जवळजवळ होते तितकेच राहिले. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलोंनी घटली आणि चरबीविरहित देहभार १.२ किलोंनी वाढला. इतका कडक आहार घरी कोणी अनुसरावा, असा याचा अर्थ नाही. मात्र दोन्ही खाती एकाच वेळी चालू शकतात, एवढे त्यावरून सिद्ध होते. याउलट व्यायामाविना केवळ उपासाने वजन उतरविले, तर उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज अन्य देहभाराचा असतो. काटा त्या नुकसानीलाही यशच म्हणतो.

आता या कामास साधन कोणते? लोखंडी वजने आणि यंत्रे यांखेरीज स्नायू वाढत नाहीत, असा समज आज पुष्कळांचा आहे. भारताला तरी असे वाटण्याचे कारण नव्हते. १८७८ साली जन्मलेल्या आणि १९१० साली लंडन गाजविणाऱ्या गामा पहिलवानाचे शरीर मुख्यतः दंड, बैठका आणि आखाड्यातील कुस्ती यांवर पोसलेले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उजेडात आणली, तीत माणसाच्या स्वतःच्या वजनाखेरीज दुसरे वजन नसते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडो या युरोपीय बलोपासकाची साधने आणवून दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला आणि मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. अमरावतीचे १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, किंवा बडोद्यास दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांत सिद्ध केलेला ‘व्यायामज्ञानकोश’, ही याच परंपरेची फळे.

तथापि परंपरेचा अभिमान बाळगताना तिची उणीवही ओळखली पाहिजे. आपल्याकडे व्यायामाची थोरवी संख्येने मोजण्याची रीत पडली. शंभर दंड झाले की दोनशे, दोनशे झाले की पाचशे. अशाने दम वाढतो, चिकाटी येते. पण शंभराव्या दंडाचा भार पहिल्या दंडाहून कणभरही अधिक नसतो. स्नायूला वाढण्याचा हुकूम मिळतो तो त्याच्या शक्तीची जवळजवळ परीक्षा झाली म्हणजे. तीस-पस्तीस आवर्तनांच्या आत जो व्यायाम स्नायूला थकव्याच्या सीमेवर नेतो, तोच थोडक्या वेळात पुष्ट करणारा. भार हलका असला तरी चालतो, मात्र शेवटची आवर्तने कष्टाची हवीत, असे अलीकडील संशोधनही सांगते. म्हणून जो दंड सहज तीस वेळा निघू लागला, त्याची संख्या वाढवीत बसण्यापेक्षा त्याचे स्वरूपच बदलावे हे शहाणपणाचे.

स्वरूप बदलणे कसे, हे मोजमापांनीच पाहावे. सरळ देहाने जमिनीवर हात टेकून दंड काढू लागले, की हातांवर देहभाराचा सुमारे ६४ टक्के भार येतो. गुडघे टेकले तर तो ४९ टक्क्यांवर उतरतो. हात ६० सेंटीमीटर उंचीच्या भक्कम बाकावर ठेवले तर तो अवघा ४१ टक्के राहतो, आणि उलट पाय तितक्याच उंचीवर ठेवले तर ७४ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या हातांवर बाकाच्या आधाराने सुमारे २५ किलो, गुडघ्यांवर २९, साध्या दंडात ३८ आणि पाय उंचावून ४४ किलो भार पडतो. घरातल्या एका बाकाने ही चार पायऱ्यांची शिडी तयार होते, आणि आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाला तीत आपली पायरी सापडते. बैठकांचेही तसेच. प्रथम खुर्चीवर बसून हात न टेकता उठावे. मग खुर्ची दूर करावी. मग खाली जाताना मनात चार अंक मोजावेत. पुढे एक पाय मागे बाकावर ठेवून दुसऱ्यावर भार घ्यावा.

दंड आणि बैठक या जोडीत एक गोष्ट मात्र राहून जाते. त्यांत ढकलणे आहे, उठणे आहे, ओढणे नाही. पाठीचे आणि दंडाच्या पुढील बाजूचे स्नायू त्यामुळे उपेक्षित राहतात. आखाड्यात ही उणीव दोरी, मल्लखांब आणि प्रत्यक्ष कुस्ती भरून काढीत असे. घरात ती भरून काढण्यास भक्कम आडवा बार पुरतो. तो छातीच्या उंचीवर असला तर त्याखाली देह तिरपा ठेवून छाती बाराकडे ओढावी. बळ वाढेल तसा देह अधिक आडवा करावा. उंच बार असल्यास आरंभी नुसते लटकावे. बार आपला भार पेलतो की नाही, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

असे ढकलण्याचे, ओढण्याचे आणि पायांचे एकेक काम निवडून प्रत्येकाची तीन आवर्तने, मध्ये दोन मिनिटांचा विसावा आणि आठवड्यातून एकाआड एक तीन दिवस, एवढा क्रम आरंभी पुरेसा आहे. अर्ध्या तासात तो आटोपतो. प्रत्येक आवर्तन अजून एकदोन दंड निघतील अशा बेताला थांबवावे. उरलेल्या दिवशी भरभर चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाची आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची शिफारस केली आहे, ती अशाने सहज पार पडते. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी झडते, या आशेवर मात्र कोणी राहू नये. चरबी कोठून उचलायची हे शरीर आपल्या मर्जीने ठरविते.

आहाराचा विचार येथे अपरिहार्य आहे. रोज ३०० उष्मांकांची तूट, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन पोळ्यांइतकी, ठेवली तर एक किलो चरबी उतरण्यास सुमारे २६ दिवस लागतात. ही गती मंद वाटेल, परंतु स्नायू राखणारी गती हीच. प्रथिनांविषयी भारतीय ताट बहुधा उणे असते. निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, असे आपल्याकडचे प्रमाण आहे. स्नायू वाढवू पाहणाऱ्यास ती १.६ ग्रॅमपर्यंत लाभदायक ठरतात. ६० किलोंच्या माणसास हे ९६ ग्रॅम झाले. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५, एका अंड्यात ६ आणि पाव लिटर दुधात ८ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीन यांहून सरस. शेंगदाण्यांत उष्मांकही भरपूर असल्याने त्यांचा हात आखडता ठेवावा लागतो. बिहारचे सत्तू, बंगालची मासळी, तमिळनाडूचे हरभऱ्याचे सुंडल आणि महाराष्ट्रातील मोड आलेल्या मटकीची उसळ, यांतील जे ज्याच्या परंपरेत बसेल ते त्याने वाढवावे आणि ताटातला भात-पोळीचा आणि साखरेचा वाटा तेवढा आवरता घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भारपण असता व्यायामाविषयीही तेच.

हे फळ सर्वांस सारखे मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याने कधी अंग कसले नाही, ज्याने पूर्वी कसून मध्यंतरी सोडले, किंवा ज्याच्या अंगी चरबी पुष्कळ आहे, त्याला दोन्ही लाभ एकदम होतात. जो आधीच सडपातळ आणि तयार आहे, त्याला एका वेळी एकच साधावे लागते. वयाची सबब मात्र पुढे करता येत नाही. १९९० साली बॉस्टन येथे सरासरी नव्वद वर्षे वयाच्या, संस्थेत राहणाऱ्या दुर्बळ वृद्धांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करविला असता त्यांचे पायांचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले. स्त्रियांनी तर या व्यायामास बिचकण्याचे मुळीच कारण नाही. पुरुषी अवयव होतील ही भीती पोकळ आहे, आणि उतारवयात हाडे व स्नायू राखण्याची गरज त्यांना अधिक आहे.

मग प्रगती मोजावी कशाने? एक साधी फीत आणि एक वही पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर पोटाचा घेर पंधरा दिवसांनी मोजावा. भारतीय पुरुषाने तो ९० आणि स्त्रीने ८० सेंटीमीटरांच्या आत राखावा. वहीत दंडांची पायरी आणि संख्या टिपावी. घेर उतरत आहे आणि पायरी चढत आहे, असे दिसले, तर काटा जागचा हलला नाही तरी खुशाल समजावे, की चरबी जात आहे आणि स्नायू येत आहेत. दोन-तीन महिने काटा तसाच राहिला म्हणून हा उद्योग सोडून देणारे पुष्कळ असतात. आणि बहुधा ते अशाच वेळी सोडतात, जेव्हा हिशेब त्यांच्या बाजूने फिरू लागलेला असतो.

साडेतीन हातांच्या देहाला व्यायामासाठी जागा लागते तीही जवळपास तेवढीच. एका खोलीच्या बिऱ्हाडातही सकाळी अंथरूण गुंडाळले की ती मोकळी होते. तिचे भाडे नाही, वर्गणी नाही, प्रवेशपत्रिका नाही. तिथे एकाआड एक दिवस अर्धा तास उभे राहण्याचा निश्चय तेवढा ज्याचा त्याने आणावयाचा असतो.