गौरवफलकावर कोणाचे नाव?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भिवापूर येथे केलेले भाषण)



आपल्या समाजभवनात निवृत्त फुटबॉलपटूंच्या नावांचा गौरवफलक लावावा असा ठराव कार्यकारिणीने केला, आणि त्यावर कोणाची नावे घालावीत याचा विचार सभेपुढे मांडण्याचे काम आमच्याकडे सोपविले. काम वरवर सोपे दिसते. परंतु ठरावाची वार्ता बाहेर पडल्यापासून चिटणिसांकडे आलेली यादी पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक घराने आपापला एक खेळाडू सुचविला आहे. त्यात काही वावगे आहे असे आम्ही म्हणत नाही. काकाने मारलेला गोल पुतण्याला आठवणारच. तथापि फलकावर जागा बाराच नावांची आहे, आणि दगडात एकदा कोरलेले नाव पुसता येत नाही. म्हणून कसोटी आधी ठरवावी आणि नावे मागाहून वाचावीत, अशी आमची पहिली सूचना आहे.

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच पडला आहे असे नव्हे. अमेरिकेत त्यांच्या तऱ्हेच्या फुटबॉलचे एक कीर्तिमंदिर ओहायो राज्यातील कँटन या गावी 1963 साली उघडण्यात आले. तेथे खेळाडूने खेळ सोडून पाच वर्षे लोटल्याशिवाय त्याच्या नावाचा विचार होत नाही, आणि निवड करणाऱ्यांपैकी शंभरांत ऐंशी जणांचा कौल मिळाल्यावाचून कोणासही आत प्रवेश नाही. पाच वर्षांची ही अट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. टाळ्यांचा आवाज विरल्यावर जे उरते तेच मोजावयाचे असते. शिवाय खेळत असलेल्या मुलाचे नाव भिंतीवर लावून त्याच्या डोक्यात हवा भरविण्याचे पाप आपल्या माथी येत नाही.

इंग्लंडात 2002 साली तेथील राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने अशीच मानाची यादी आरंभिली, आणि पहिल्याच वर्षी तीत लिली पार या स्त्रीचे नाव घातले. 1921 साली तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर स्त्रियांना खेळण्यास बंदी केली होती. लिली पार बंदीनंतरही मिळेल त्या मैदानावर खेळत राहिली. 1978 साली ती वारली, आणि मान मिळाला तो त्यानंतर चोवीस वर्षांनी. नियामक संस्थेने ज्या खेळाकडे पाठ फिरविली, त्या खेळाची प्रशस्तिपत्रे कोठून मिळणार? हे उदाहरण आम्ही मुद्दाम सांगत आहो, कारण आपल्या यादीतही ज्यांच्याजवळ कागदाचा चिटोराही नाही अशी नावे आहेत. कार्यकारिणीतील काही सभासदांचे म्हणणे असे की, विद्यापीठाचा किंवा जिल्हा संघाचा दाखला असेल तरच नाव घ्यावे. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. दिवसभर वावरात राबून संध्याकाळी अनवाणी मैदानावर उतरणाऱ्याला दाखला देणार कोण होते? त्याचा दाखला म्हणजे त्याच्या विरुद्ध खेळलेला माणूस. प्रतिपक्षाच्या खेळाडूने, आणि तोही शक्यतो परगावच्या, 'याला अडविणे आम्हांस जमत नसे' असे सांगितले, तर त्याहून भारी प्रमाणपत्र आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्याकडील एका मोठ्या नावाकडे वळू. नेव्हिल डिसूझा हे मूळचे गोव्याचे. त्यांची कारकीर्द मुंबईच्या मैदानांवर गाजली. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताची गाठ एकदम यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. भारताने तो सामना 4-2 असा जिंकला आणि त्यांतील तीन गोल एकट्या डिसूझांचे होते. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून आपण 4-1 असे हरलो. तो एक गोलही त्यांचाच. चार गोलांनिशी ते स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीस बसले, आणि भारत चौथा आला. पुढे 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलचा पहिला मान प्रदीपकुमार बॅनर्जी यांना मिळाला, आणि तो सर्वस्वी योग्यच होता. चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, थंगराज अशी नावे त्या यादीत एकामागून एक येत गेली. डिसूझांचे नाव मात्र तीत कधीच आले नाही. 1980 साली ते निवर्तले.

यात कोणाचा द्वेष होता असे आम्हांस वाटत नाही. पुरस्कार निघाला तेव्हा डिसूझांचा बहर ओसरला होता, आणि पुरस्कार देणाऱ्यांची दृष्टी बहरात असलेल्यांवर होती. दोन पिढ्यांच्या फटीत माणसे अशीच पडतात. आपल्या मंडळाचा फलक आज लागत आहे. तेव्हा ज्यांचा खेळ चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी संपला त्यांचा विचार अगोदर व्हावा, आणि बारांपैकी निदान सहा जागा त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात, असा आमचा आग्रह आहे. तरुणांनी यावर रागावू नये. त्यांच्याजवळ वेळ आहे.

वेळेचा विषय निघाला म्हणून खाशाबा जाधवांचे स्मरण होते. खेळ निराळा, पण गोष्ट तीच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1984 साली अपघातात त्यांचा अंत झाला आणि अर्जुन पुरस्कार आला 2000 साली! मरणोत्तर सन्मानात कुटुंबाला समाधान असते हे खरे, पण ज्याच्या खांद्यावर शाल पडावयाची तो खांदाच उरलेला नसतो. आपल्या यादीतील दोन गृहस्थ ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांतील एकाला आता दिसतही नाही. त्यांच्याविषयीचा निर्णय पुढील वर्षावर टाकू नये.

गोल मोजून नावे ठरवावीत, अशीही एक सोपी सूचना आली आहे. या हिशेबाने गोलरक्षकाच्या नावापुढे कायमचे शून्यच पडेल. वर उल्लेखिलेले थंगराज गोलरक्षक होते; गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर, ज्यांना 1997 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेही गोलरक्षकच. भिवापूरकरांना निवड कशी करतात हे आम्ही का सांगावे? सातऱ्यावर बसणाऱ्या आपल्या मायबहिणी एकेक मिरची हातात घेऊन देठ खुडतात आणि फटकी बाजूला सारतात. ढिगातली लांबलचक मिरची पाहून त्या भुलत नाहीत. रंग पाहतात, तिखटाची परीक्षा करतात. तेवढी सबुरी आपल्या निवड समितीने दाखविली तरी पुष्कळ झाले.

एखाद्या खेळाडूच्या हातून ऐन वेळी चूक झाली म्हणून त्याचे नाव गाळावे काय? 1948 साली लंडनला फ्रान्सविरुद्ध भारताने दोन पेनल्टी वाया घालविल्या आणि सामना 2-1 असा गमावला. त्यांतील एक शैलेन मन्ना यांची होती. त्याच मन्नांच्या नेतृत्वाखाली 1951 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले आणि 1971 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या गावात मात्र एका हुकलेल्या पेनल्टीवरून तीन तीन पिढ्या बोलणे ऐकवितात! नाव घेत नाही. ते गृहस्थ समोरच बसले आहेत आणि हसतही आहेत.

जे स्वतः फार खेळले नाहीत पण ज्यांनी खेळविले, त्यांना एक तरी जागा हवी. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांच्या पायांशी चेंडू दिला. त्या कार्यावरचा 'झुंड' हा चित्रपट 2022 मध्ये आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अशी माणसे लहान प्रमाणावर आपल्याकडेही होऊन गेली.

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे, तरी बोलणे प्राप्त आहे. हा फलक आपल्या ज्ञातीचा, म्हणून त्यावर नावे ज्ञातीचीच येणार. पण फुटबॉल अकरा जणांचा खेळ. गोऱ्या पलटणींनी तो छावण्याछावण्यांतून देशभर नेला. आपल्या जिल्ह्यात कामठीची छावणी 1821 सालापासूनची, आणि तेथील रब्बानी क्लबाचे नाव कोणाला ठाऊक नाही? त्या संघांशी झुंजणाऱ्या आपल्या गावच्या अकरांत आपले दोन किंवा तीनच असत. बाकीचे कोण कोण होते हे आपण सर्व जाणतो. आपल्या माणसाने गोल मारला, तर त्याच्याकडे चेंडू पोहोचविणारा दुसऱ्या समाजाचा होता. म्हणून प्रत्येक मानकऱ्याच्या नावाखाली, बारीक अक्षरांत का होईना, त्याच्या संघातील इतर दहांची नावे कोरावीत. खर्च वाढेल, दगड मोठा लागेल. तो वाढीव खर्च वर्गणीतून न घेता काही सभासदांनी उचलावा, आणि त्यांत आमचे नाव प्रथम घालावे. ज्या सभासदाच्या घरचे नाव विचारात असेल त्याने त्या वेळी समितीच्या बैठकीतून उठून जावे, हेही ठरावात लिहून घ्यावे.

पौषातील सभेपूर्वी ज्यांच्या घरी संघांची जुनी छायाचित्रे असतील त्यांनी ती चिटणिसांकडे आणून द्यावीत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक चेहऱ्याचे नाव मागील बाजूस शिसपेन्सिलीने लिहावे. शाईने लिहू नये, ती पुढे उमटते.