ऑफिसचा फोन आपला, राखणही आपलीच

आजचा विषय ॲस्टरिस्क.

१९९९ साली अमेरिकेतल्या अलाबामात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने लिनक्स सपोर्टची कंपनी काढली. ऑफिसला फोन एक्स्चेंज हवं होतं, पण किंमत परवडेना. मग पठ्ठ्याने ते सॉफ्टवेअरमध्येच लिहून काढलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. तेच हे ॲस्टरिस्क.

लागतं काय? एक जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, ॲस्टरिस्क आणि फ्रीपीबीएक्स. मग सेटिंग ब्राउझरमधूनच होतं. प्रत्येकाला एक्स्टेन्शन द्या: १०१, १०२... मोबाईलवर लिनफोनसारखं ॲप घ्या, त्यात एक्स्टेन्शन, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता भरा. झालं! ऑफिसच्या वायफायवर आपसातले कॉल सुरू, अगदी इंटरनेट गेलं तरी. बाहेरच्या नंबरांसाठी मात्र परवाना असलेल्या टेलिकॉम कंपनीकडून सिप ट्रंक घ्यायचा.

आता खरी गोम ऐका. सिपचं नेहमीचं पोर्ट ५०६०. ते इंटरनेटवर उघडं दिसलं की बॉट येऊन पासवर्ड लावून बघत बसतात. १०१ चा पासवर्डही १०१ असेल, तर आत शिरलेच म्हणून समजा! मग रात्रभर तुमच्या लाइनवरून परदेशात महागडे कॉल, आणि बिल तुमच्या नावावर.

म्हणून पासवर्ड लांबलचक ठेवा. गरज नसेल तर ट्रंकवरचं आयएसडी बंद करून घ्या. चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारं फेल-टू-बॅन चालू ठेवा. घरून जोडायचं तर व्हीपीएनमधूनच.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं, राखण आपणच करायची. भेटूया पुढच्या भागात!