म्यूनिक : मुलांना हात लावू देणारे शहर

श्रोतेहो, परदेशातले एखादे मोठे शहर पाहून माणूस गावी परतला की पारावर त्याला पहिला प्रश्न येतो, "काय काय पाहिलंत?" जर्मनीतले म्यूनिक पाहून आलो तेव्हा मलाही तो आला. राजवाडे इतके, देवळे इतकी, अशी यादी मी सांगू लागलो. तोच माझी सात वर्षांची मुलगी मध्ये म्हणाली, "बाबा, ते सांगा ना, तिथं हात लावू देतात ते!" सगळे हसले. मला मात्र वाटले, पोरीने एका वाक्यात शहर सांगितले. आज मी तेच आपल्यापुढे मांडणार आहे.

म्यूनिक हे दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे राजधानीचे शहर. वस्ती सुमारे पंधरा लाख. मधून इझार नावाची नदी वाहते. मुलांना घेऊन गेलात तर सुरुवात मारिएनप्लाट्झ या मुख्य चौकापासून करावी. तेथील नगरभवनाचा मनोरा ८५ मीटर उंच आहे आणि त्यावर १९०८ सालापासून एक घंटावाद्य वाजते आहे. ४३ घंटा आणि ३२ बाहुल्या. सकाळी अकरा वाजता चौकात माणसे माना वर करून उभी राहतात. वरच्या मजल्यावर १५६८ सालच्या एका राजघराण्यातील लग्नाचा थाट दिसतो. दोन घोडेस्वार भाले रोखून एकमेकांवर येतात आणि बव्हेरियाचा स्वार रोजच्या रोज जिंकतो! खाली पिंपे बांधणारे कारागीर फेर धरतात. प्लेगच्या साथीने घाबरून घरात बसलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी हे कारागीर रस्त्यावर येऊन नाचले, अशी दंतकथा आहे. आमच्या गावच्या जत्रेतली कळसूत्री बाहुली पाहताना होतो तोच आनंद तेथे शेजारच्या जर्मन आजोबांच्या चेहऱ्यावरही मी पाहिला.

चौकापासून थोडे चालत गेले की इंग्रजी बाग लागते. बाग म्हटल्यावर आपल्यापुढे चार वाफे आणि एक कारंजे उभे राहते. ही बाग सुमारे ९२५ एकरांची आहे! ओढे, कुरणे, झाडी, मधोमध लाकडी चिनी मनोरा. मुलांनी पळावे, मोठ्यांनी गवतावर भाकरी सोडावी. १७८९ साली ही बाग उभी करण्यात ज्याने पुढाकार घेतला, तो रम्फर्ड मूळचा अमेरिकेत जन्मलेला, बव्हेरियाच्या राजाश्रयाला आलेला. शिक्षकबंधूंना हे नाव ओळखीचे वाटेल. याच म्यूनिकच्या शस्त्रशाळेत तोफेची नळी कोरताना ती तापते, हे त्याने पाहिले. मग त्याने बोथट हत्यार लावले, भोवती पाणी ठेवले आणि घोडे जुंपून ते फिरवले. सुमारे अडीच तासांनी पाणी उकळू लागले. विस्तव नाही, जाळ नाही! उष्णता हा कुठला द्रवपदार्थ नसून ती गतीतून निर्माण होते, हा विचार त्याने १७९८ साली प्रसिद्ध केला. सुताराचा सामता फिरून तापलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. फरक इतकाच की रम्फर्डने 'का?' म्हणून विचारले.

आता या शहराच्या खऱ्या वैभवाकडे येतो. इझार नदीतील एका बेटावर डॉइचेस म्युझियम आहे. विज्ञान आणि यंत्रविद्या यांचे हे जगातील एक फार मोठे संग्रहालय. ओस्कार फॉन मिलर या इंजिनियराने १९०३ साली त्याची स्थापना केली आणि बेटावरची इमारत ७ मे १९२५ रोजी, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी, खुली झाली. १९४४ सालच्या बॉम्बवर्षावात तिची अतोनात हानी झाली. तरी शहराने ती पुन्हा उभारली. अलीकडे, २०२२ साली, नव्याने मांडलेली अनेक दालने खुली झाली.

हा मिलर आपल्या शेतकरी बांधवांना जवळचा वाटावा असा माणूस. १८८२ साली, सत्तावीस वर्षांचा असताना, त्याने म्यूनिकमध्ये विजेचे प्रदर्शन भरवले. ५७ किलोमीटरवरच्या मीसबाख गावी वीज तयार केली, साध्या तारायंत्राच्या तारेवरून ती शहरात आणली आणि तिच्यावर एक पंप चालवून छोटासा धबधबा पाडून दाखवला. वाटेत पुष्कळशी वीज वाया गेली. पण लांबची वीज तारेवरून येऊन पाणी उचलते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आज तुम्ही विहिरीवरच्या पंपाचे बटण दाबता, तेव्हा त्या धबधब्याची आठवण ठेवायला हरकत नाही. आणि वीज येण्यापूर्वी ज्या ऑइल इंजिनाने आपली विहीर उपसली, त्याचा मूळपुरुष, रुडॉल्फ डिझेलचे १८९७ सालचे इंजिन, याच संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

मिलरचा आग्रह असा, की यंत्र नुसते काचेत ठेवू नये. पाहणाऱ्याने कळ दाबावी, दांडा फिरवावा आणि समजून घ्यावे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तर तेथे वेगळे राज्यच आहे. आत शिरता येईल एवढी मोठी गिटार आहे, खरी आगीची गाडी आहे, पाण्याचे खेळ आहेत. पाण्यापाशी माझी मुलगी धावली आणि तिने हात घातला. मी पटकन ओरडलो, "हात लावू नकोस!" शेजारी नातवाला घेऊन आलेल्या एका आजीबाईंना माझी भाषा कळली नाही, पण सूर कळला. त्या हसल्या आणि त्यांनी मुलीचा हात धरून पुन्हा पाण्यात ठेवला. पोरीने पाणी अडवले, वळवले, चाक फिरवले. शेतात बारे देणाऱ्या आजोबांची ती नात. तिला शिकवावे लागले नाही.

श्रोतेहो, मला त्या क्षणी आमच्या शाळेतले कपाट आठवले. त्यात लोहचुंबक होते, भिंग होते, काचेच्या नळ्या होत्या. आणि कपाटाला कुलूप होते. एकदा ते उघडे दिसले तेव्हा मी चुंबक उचलले आणि हातावर छडी खाल्ली. गुरुजी वाईट नव्हते. वस्तू फुटली तर भरून द्यावी लागेल, याची त्यांना धास्ती होती. पण त्या दिवसापासून विज्ञान म्हणजे दुसऱ्याची वस्तू, अशी माझी समजूत झाली. मी इतिहासाकडे वळलो. त्याचे मला दुःख नाही. पण वळलो तो आवडीने की भीतीने, हे मला अजून सांगता येत नाही. आणि तीच भीती मी वारशाने मुलीला देऊ पाहत होतो!

म्यूनिकला सर्वांना जाता येणार नाही, जाण्याची गरजही नाही. याच विचाराची संग्रहालये आपल्याकडेही उभी राहिली आहेत. कलकत्त्यास १९५९ साली बिर्ला संग्रहालय सुरू झाले आणि १९६५ पासून त्याने मोटारीत प्रयोग मांडून खेड्यापाड्यांतील शाळांकडे पाठवले. मुंबईला वरळीत १९८५ पासून नेहरू विज्ञान केंद्र आहे. सहल काढाल तेव्हा राणीच्या बागेबरोबर तेही मुलांना दाखवा.

पण त्याहून सोपे एक काम आहे. शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेत ते कपाट असेल, तर उद्या त्याचे कुलूप काढा. एखादे भिंग फुटेल, फुटू द्या. आणि पालकहो, सायकलची साखळी उतरली की ती मुलालाच चढवू द्या, मुलीलाही. हात काळे होतील. ते धुता येतात. म्यूनिकहून आणण्यासारखे मला तरी एवढेच सापडले.