तिरस्काराच्या शिकवणुकीकडून संवादाकडे



ख्रिस्ती आणि यहुदी यांच्यातील संवादाविषयी बोलावयाचे म्हणजे एका विलक्षण नात्याविषयी बोलावयाचे. येशू यहुदी मातेच्या पोटी जन्मला. त्याचे पहिले शिष्य यहुदी होते. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत जी जुनी स्तोत्रे म्हटली जातात ती मुळात हिब्रू भाषेत रचलेली आहेत. ज्यांचे इतके सामाईक आहे त्यांच्यात वैर कसे असेल, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु भावकीतील वैर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

हे वैर ओसरू कसे लागले, हे सांगण्यासाठी मी एका शिक्षकाची हकीकत निवडली आहे. झ्यूल इझाक यांचा जन्म १८७७ साली फ्रान्समध्ये झाला. तेथील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यांच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांवर वाढल्या. शिक्षण खात्यात ते महानिरीक्षकाच्या पदापर्यंत चढले. १९४० साली व्हिशी सरकारने ते यहुदी आहेत एवढ्याच कारणास्तव त्यांना पदच्युत केले. १९४३ च्या ऑक्टोबरात त्यांची पत्नी आणि कन्या यांना पकडून नेण्यात आले. त्या वेळी इझाक बाहेर गेले होते, म्हणून वाचले. त्या दोघी आउश्वित्सहून परतल्या नाहीत.

लपत-छपत राहून या वृद्ध गृहस्थांनी जे लिहिले ते सूडाचे पुस्तक नव्हते. त्यांनी एक साधा, इतिहासकाराला शोभणारा प्रश्न विचारला : शुभवर्तमानांत प्रत्यक्ष काय लिहिले आहे, आणि ख्रिस्ती मुलांना शतकानुशतके काय शिकविले गेले? दोन्ही त्यांनी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. यहुद्यांनी येशूला मारले म्हणून ईश्वराने त्यांची जगभर पांगापांग केली, असे प्रवचनांतून सांगितले जात असे. इझाक यांनी दाखवून दिले की, येशूच्या जन्माच्या कित्येक शतके आधीपासून यहुदी बाबिलोनमध्ये आणि पुढे अलेक्झांड्रियात वसलेले होते. जी शिक्षा अपराधाच्या आधीच भोगून झाली, तिला शिक्षा कसे म्हणावे? या साऱ्या प्रकाराला त्यांनी ‘तिरस्काराची शिकवण’ असे नाव दिले. हिटलरचा वंशद्वेष हा ख्रिस्ती धर्म नव्हे, हे ते जाणून होते. परंतु या शिकवणुकीने त्या द्वेषासाठी जमीन तयार केली, असे त्यांचे म्हणणे होते.

१३ जून १९६० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, इझाक रोममध्ये तेविसावे पोप जॉन यांना भेटले. या पोपमहाशयांनी आदल्याच वर्षी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून यहुद्यांविषयीचे एक अपमानकारक विशेषण काढून टाकले होते. इझाक यांनी आपले टिपण त्यांच्यापुढे ठेवले. त्यात त्यांनी चर्चच्याच जुन्या शिकवणुकीचा आधार घेतला होता : येशूच्या मृत्यूस सर्व मानवांची पापे कारणीभूत आहेत, असे ट्रेंटच्या धर्मशिक्षा-ग्रंथात म्हटलेले आहे. दुसऱ्याशी बोलताना त्याच्याच घरातील उत्तम वस्तू त्याला दाखवावी, हे संवादाचे मर्म त्यांना उमगले होते.

पोपमहाशयांनी हे काम बायबलचे गाढे अभ्यासक कार्डिनल बेआ यांच्याकडे सोपविले. वाट सोपी नव्हती. धर्मपरिषदेत कडवा विरोध झाला, मसुदे वारंवार बदलले. इझाक आणि पोप जॉन, दोघेही १९६३ साली निवर्तले. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी जाहीरनामा मंजूर केला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, लादता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, यहुद्यांच्या प्रश्नातून उगम पावलेल्या याच जाहीरनाम्यात पुढे हिंदू, बौद्ध आणि इस्लाम या धर्मांविषयीही आदराचे उद्गार आले. एका दाराची कडी काढली, आणि इतर दारेही उघडली.

साठ लाख यहुद्यांच्या हत्येनंतर वीस वर्षांनी हे शब्द उच्चारले गेले, हा उशीर विसरता येत नाही. दोन्ही धर्मांतील मूलभूत मतभेदही मिटलेले नाहीत. ते मिटावेत अशी अपेक्षाही नाही. १३ एप्रिल १९८६ रोजी दुसरे पोप जॉन पॉल रोमच्या यहुदी प्रार्थनामंदिरात गेले आणि तेथील प्रमुख रब्बी एलिओ तोआफ यांना भेटले, तेव्हा कोणीही आपला धर्म सोडला नव्हता.

अशा सहवासाची एक खूण आपल्या देशातही आहे. नवव्या शतकात केरळातील कोल्लम येथील ख्रिस्ती चर्चला दिलेल्या ताम्रपटावर साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यांतील काही हिब्रू लिपीत आहेत. एका धर्माच्या मंदिराला मिळालेल्या दानाची साक्ष दुसऱ्या धर्माच्या व्यापाऱ्यांनी दिली.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्या मुलांच्या हाती जी पुस्तके आपण देतो, त्यांत शेजाऱ्याविषयी काय लिहिले आहे, ते एकदा उघडून पाहावे. इझाक यांनी तेच केले होते.