टीबी-३०३: अडीच लाखांची चंदेरी डबी घ्यावी का?

घरी छोटा सेटअप लावून इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा प्रत्येक जण कधी ना कधी एक प्रश्न विचारतोच: जुना, खराखुरा टीबी-३०३ घ्यावा का? मी स्वतः तो घ्यायला निघालो होतो. समोरून भाव आला अडीच लाख, आणि मी तेवढे पैसे बाजूला काढलेही होते. मग ओळखीतला एक संगीतकार म्हणाला, "अरे, आधी माझा दोन आठवडे घरी ने. मग ठरव." आजचा भाग त्या दोन आठवड्यांबद्दल.

आधी हे यंत्र काय आहे ते थोडक्यात सांगतो. रोलँड या जपानी कंपनीने १९८१ साली ते काढलं. इंजिनिअर होते तादाओ किकुमोतो. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, हा हेतू. पण खऱ्या बेस गिटारसारखा आवाज काही त्यातून येईना. १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. तोवर साधारण दहा हजार नग बनले होते. ते सेकंड हँड दुकानांत पडून राहिले, स्वस्तात विकले गेले.

आत एकच ऑसिलेटर आहे. सॉटूथ किंवा स्क्वेअर, यातली एक वेव्ह निवडायची. पुढे लो-पास फिल्टर. वर सहा छोटे नॉब: ट्यूनिंग, कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलप मॉड, डीके, अ‍ॅक्सेंट. खाली एका सप्तकाची बटणं. मिडी नाही, कारण मिडी आलंच १९८३ मध्ये.

आता त्याचा सिक्वेन्सर. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या याद्या भराव्या लागतात. पहिल्या यादीत फक्त सूर, एकामागून एक. दुसऱ्या यादीत सोळा घरं, आणि प्रत्येक घरात सांगायचं की इथे नवा सूर, इथे आधीचाच लांबव, इथे गप्प बस. दोन्ही याद्या जुळल्या नाहीत की डोक्यातली चाल एक आणि वाजते भलतीच. पहिल्या रात्री मला एक साधी ओळ भरायला पाऊण तास लागला. मी रोज कोड लिहितो, तरीही!

पण आवाज? तो मात्र खरंच वेगळा आहे, आणि त्याचं कारण दोन गोष्टींत आहे. एक, स्लाइड. ज्या सुरावर स्लाइड लावाल, तिथून पुढचा सूर तुटत नाही, ओढत नेला जातो. आपल्या कानाला लगेच मींड आठवते, फक्त ही मींड यंत्राची, अंतर कितीही असो, वेळ ठरलेला. दुसरं, अ‍ॅक्सेंट. हा नुसता आवाज मोठा करत नाही, फिल्टरलाही वर ढकलतो. लागोपाठ अ‍ॅक्सेंट आले तर सर्किटमधला कपॅसिटर मधे पूर्ण रिकामा होत नाही, म्हणून दुसरा पहिल्यापेक्षा वर उठतो, तिसरा त्याहून. रेझोनन्स वाढवलेला असेल तर ओळ अक्षरशः किंचाळायला लागते.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक रेकॉर्ड केली. टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं. रेकॉर्ड फारशी चालली नाही. तिकडे शिकागोत फ्यूचर नावाच्या ग्रुपने जुना ३०३ घेतला, ओळ चालू ठेवून नॉब पिळत बसले, आणि १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आली. अ‍ॅसिड हाउस तिथून धरतात. २०१० मध्ये मुंबईची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा लोक म्हणाले, हे तर अ‍ॅसिड हाउसच! दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. यंत्र तेवढं एकच.

आता माझा घोटाळा ऐका. यातली मेमरी सेलवर टिकते, सी साइजचे चार सेल. दहाव्या दिवशी मी अडॅप्टर न लावताच सेल बदलले. मित्राचे सगळे पॅटर्न गेले. असं झालं की मेमरीत काहीबाही भरलं जातं. घाबरत स्टार्ट दाबलं, तर एक वेडीवाकडी ओळ वाजायला लागली. दहा दिवसांत मी भरलेल्या कुठल्याही ओळीपेक्षा ती चांगली होती. मित्राला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, "माझे पॅटर्न वहीत लिहिलेत रे. आता जे वाजतंय ते आधी रेकॉर्ड कर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दहा दिवस मी तो डबा देवघरातल्या मूर्तीसारखा हाताळत होतो. नॉब दोन बोटांनी, हळूच. रेकॉर्डिंग? एकही नाही. आणि ज्यांनी या यंत्रातून नवं काही काढलं, त्या शिकागोच्या पोरांनी तो जपला नव्हता, पिळला होता. स्वस्तात मिळालेला होता म्हणून.

नंतर मी बेहरिंगरचा टीडी-३ आणला. २०१९ मध्ये आलेली अ‍ॅनालॉग नक्कल, वर मिडी आणि यूएसबी. दोन्हींवर तीच ओळ भरून रूममेटला डोळे मिटून ऐकवली. पाचपैकी दोनदाच त्याने खरा ओळखला. मला स्वतःला अस्सलचा अ‍ॅक्सेंट थोडा गोल वाटतो, पण ढोल-ताशासारखी किक सोबत आली की तो फरक मलाही सापडत नाही.

तर निकाल असा. संग्रह करायचा असेल, किंवा त्यावर तुमचं पोट असेल, तर अस्सल घ्या, पण सेल, स्विच आणि पॉट तपासून. संगीत करायचं असेल तर नक्कल घ्या आणि नॉब बिनधास्त पिळा. सिक्वेन्सर मात्र हातानेच भरा, कॉम्प्युटरवरून नको. त्या चुकांमधूनच ओळी निघतात.

माझे अडीच लाख अजून बँकेत आहेत. आणि ती सेलवाली ओळ? तिच्यावर केलेला ट्रॅक आता भागाच्या शेवटी वाजतोय. ऐका, आणि कसा वाटला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.