एका ओळीवर ठरणारा व्यवहार



आज मला बोलायचं आहे ते एका जुन्या रात्रीमुळे.

औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याकडे मी तेव्हा काम बघत होतो. मालाची यादी, दर आणि कर अशा तीन फायली सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये असत. रात्री तिन्ही बदलायच्या होत्या. यादी लिहून झाली, दरांच्या फायलीला हात घालणार तोच नेटवर्कच्या स्विचची वीज गेली. सकाळी काउंटर सुरू झालं. नव्या यादीत अनुक्रमांक सरकले होते, दर मात्र जुन्याच क्रमानं लागत होते. खोकल्याच्या बाटलीला इंजेक्शनचा दर! एकही त्रुटी-संदेश आला नाही, कारण प्रत्येक फाइल आपापल्या जागी धडधाकट होती. एका मेडिकलवाल्यानं संध्याकाळी फोन केला तेव्हा घोळ कळला.

असं सामायिक फोल्डर नेटवर्कवरून वापरता यावं म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं १९८४ मध्ये एनएफएस आणलं. फाइल एका यंत्रावर बंद झाली आणि नंतर दुसऱ्यावर उघडली, तर नवा मजकूर मिळावा, हा त्याचा नेहमीचा करार. तो एकेका फायलीपुरता आहे. दोन फायली एकाच वेळच्या असतील, असं वचन त्यात कुठेच नाही. शिवाय लिनक्सचा क्लायंट फाइलचा आकार, वेळ वगैरे माहिती आपल्याजवळ धरून ठेवतो; मुद्दाम बदललं नाही तर ३ ते ६० सेकंद.

आपल्या पेढ्यांवरच्या दिवाणजींना यातलं मर्म ठाऊक होतं. आधी रोजकीर्द, मग खतावणी. कीर्दीत ओळ चढली की व्यवहार झाला. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द बघून पुरी करता येते. डेटाबेसवाले हेच करतात. जिम ग्रे यांना १९९८चं ट्युरिंग पारितोषिक डेटाबेस आणि व्यवहारप्रक्रियेवरच्या कामासाठीच मिळालं. साध्या फायलींच्या फोल्डरला मात्र कीर्द नसते, ती आपण ठेवायची.

फायली लहान असतील तर मी दुसरा मार्ग धरतो. नव्या क्रमांकाचं वेगळं फोल्डर करायचं, तिन्ही फायली त्यात लिहायच्या, एफसिंक करून डिस्कवर पोचल्याची खात्री करायची. मग ‘चालू आवृत्ती’ सांगणारी एका ओळीची फाइल वेगळ्या नावानं लिहायची, तीही डिस्कवर पोचवायची आणि रिनेमनं जुनीच्या जागी बसवायची. वाचणाऱ्यानं ती ओळ एकदाच वाचायची आणि तिन्ही फायली त्याच फोल्डरातून घ्यायच्या. त्याला काही क्षण जुनी आवृत्ती दिसेल, पण ती अख्खी जुनी असेल. जुनं फोल्डर लगेच पुसू नका, त्यातून अजून कोणी वाचत असेल.

इथे क्रम कीर्दीच्या उलटा आहे, पण निर्णय तसाच एका ओळीवर होतो.

एका फसगतीबद्दल कळकळीनं सांगतो. सर्व्हरनं रिनेम केलं आणि उत्तर पाठवण्याआधी तो कोसळला, तर क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. आता जुनं नाव उरलेलंच नसतं, म्हणून ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं. काम झालेलं असतं आणि आपला प्रोग्रॅम ते फसलं असं धरून चालतो. त्रुटी आली तर आधी चालू आवृत्तीची ओळ उघडून वाचा, मग काय ते ठरवा.

दुपारच्या सत्रात मी टेबलावर एक सर्व्हर, दोन लॅपटॉप आणि एक स्विच ठेवणार आहे. आपापले प्रोग्रॅम घेऊन या. लिहिणं चालू असताना केबल मी काढेन, आणि नंतर फोल्डरमध्ये काय उरलं ते आपण सगळे मिळून उघडून बघू.